एका खुर्चीतले दोन साहेब आणि कर्जाची मर्यादा

फाईल साहेबांच्या केबिनमधून बाहेर आली. आवक-जावकच्या मोहित्यांनी तिची जावक नोंद केली. मग त्याच टेबलावर, त्याच पेनने आवक नोंद केली, शिक्का मारला, आणि ज्या दारातून ती आली होती त्याच दारातून शिपायाच्या हाती परत आत पाठवली. मधल्या काचेतून मी हा सगळा प्रवास बघत होते.

"मोहिते, ही कुठे निघाली होती?" मी विचारलं.

"मुख्य अधिकाऱ्यांकडनं प्रशासकांकडं," मोहिते म्हणाले. ते साताऱ्याकडचे, चेहऱ्यावरची रेष हलू न देता बोलायचे. "आतनं निघाली, आत पोचली. वाटेत शिक्का खाल्ला, एवढंच."

मुख्य अधिकारी म्हणजे इनामदार साहेब. प्रशासक म्हणजेही इनामदार साहेब. खुर्ची एक, टेबल एक, आणि टेबलावर पाट्या दोन. एका पाटीच्या साहेबांनी प्रस्ताव ठेवायचा आणि दुसऱ्या पाटीच्या साहेबांनी तो मंजूर करायचा. निवडून आलेल्या बोर्डाची मुदत संपली आणि सरकारने साहेबांनाच प्रशासक केलं, तेव्हापासून आमच्याकडे असंच चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर कामं पटापट होत होती. कोणाचीच तक्रार नव्हती. माझीही नव्हती, ती फाईल माझ्या टेबलावर येईपर्यंत.

आमचं ऑफिस वाशीत, मार्केटपासून जवळ. खिडकी उघडली की कांद्याचा वास येतो, म्हणून आम्ही ती सहसा उघडत नाही. राज्य सरकारचं हे एक छोटं मंडळ. नाव गाळते, कारण त्याने काही फरक पडत नाही. औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांचं आणि लगतच्या गावांचं सांडपाणी गोळा करायचं, साफ करायचं आणि खाडीत सोडायचं, हे मंडळाचं काम. त्याबद्दल कारखानदार आणि गाळेवाले आम्हाला सेस, म्हणजे उपकर, भरतात. त्यांनी आणि गावांनी निवडून दिलेल्या सभासदांचं एक बोर्ड असतं. मी तिथे वित्त नियंत्रक होते. म्हणजे मंडळाच्या पैशाच्या प्रत्येक फाईलवर माझा अभिप्राय लागायचा.

आता दोन शब्द कर्जाबद्दल, कारण सगळी भानगड तिथेच आहे. असं मंडळ कर्ज काढतं तेव्हा सरकार त्याला हमी देतं. हमी म्हणजे, मंडळाने फेडलं नाही तर सरकार फेडेल. म्हणून बँका डोळे मिटून कर्ज देतात. कागदावर कर्ज मंडळाचं असतं, राज्याच्या बजेटमध्ये ते दिसत नाही. पण प्रत्यक्षात ते सरकारचंच कर्ज. म्हणून आमच्या कायद्यात कर्जाला मर्यादा घातलेली आहे: इतकंच काढायचं, त्यापुढे नाही. आणि ती मर्यादा वाढवायची असेल तर बोर्डाचा ठराव लागतो. बोर्ड नसेल तर बोर्डाचे सगळे अधिकार प्रशासकाला.

त्या फाईलमध्ये ही मर्यादा वाढवण्याचा प्रस्ताव होता. थोडीथोडकी नाही, थेट तिप्पट. सोबत एक टाईप केलेला कागद जोडला होता. 'वित्त विभागाचा अभिप्राय : हरकत नाही.' खाली माझं नाव, त्यावर सहीपुरती मोकळी जागा. साहेबांचा पीए म्हणाला, मॅडम, फक्त सही राहिलीय, दुपारपर्यंत द्या.

माझा अभिप्राय दुसऱ्याने टाईप करून आणलेला बघितला की माझं डोकं फिरतं. तोपर्यंत मी फाईल वाचलीही नव्हती. मी पीएला सांगितलं, दुपार विसरा, आणि फाईल वाचायला घेतली.

कर्जातून करायच्या कामांत पहिलं होतं पावणे गावातलं पंपहाऊस. त्याबद्दल वाद असण्याचं कारणच नव्हतं. पंप जुने झाले होते. उधाणाच्या भरतीला खाडी वर चढते. तेव्हा सांडपाणी जोर लावून बाहेर ढकलावं लागतं, आणि आमच्या पंपांत तो जोर उरला नव्हता. न ढकललेलं पाणी उलटं फिरून गावातल्या खालच्या गाळ्यांमध्ये शिरायचं. मागच्या पावसाळ्यात जनार्दन पाटलांच्या वर्कशॉपमध्ये लेथ मशीनच्या मोटारी जळाल्या होत्या. पाटील पावण्याचेच, जुन्या बोर्डाचे सभासद. ग्रिल, गेट, छोटे सुटे भाग बनवायचे. घर वर, वर्कशॉप खाली. दर आठवड्याला ते आमच्याकडे चक्कर मारायचे आणि प्रत्येक वेळी एकच वाक्य बोलायचे: "मॅडम, यंदा पानी शिरला ना, त मी शटर कायमचा खाली खेचनार."

ते धमकी देत नव्हते. तेवढीच त्यांची ताकद उरली होती, हे मलाही कळत होतं.

पण फाईलमध्ये पंपहाऊसनंतर आणखी दोन कामं होती. एक, मंडळाची नवी इमारत, सभागृह आणि दोन मजली पार्किंगसकट. दुसरं, खाडीकिनारी सुशोभीकरण: फरसबंद रस्ता, दिवे, कारंजी. मी कॅल्क्युलेटर ओढला. पंपहाऊस सध्याच्या मर्यादेत आरामात बसत होतं. मर्यादा वाढवायला लागत होती ती इमारतीसाठी आणि कारंज्यांसाठी. पंप फक्त पुढे उभा केला होता. त्याला पुढे केलं की कोणी नाही म्हणणार नाही, हा हिशेब.

मी आत गेले. इनामदार साहेब हुशार माणूस. हात स्वच्छ, कामाचा उरक जबरदस्त. त्यांना खलनायक करून मला ही गोष्ट सोपी करता येईल, पण ते खोटं होईल. त्यांना खरोखर वाटायचं की एवढ्या मोठ्या पट्ट्याचं मंडळ गळक्या इमारतीत बसू नये. मलाही कधीकधी तसंच वाटायचं, विशेषतः माझ्या टेबलावर बादली ठेवावी लागायची तेव्हा.

मी म्हटलं, पंप वेगळा काढू, आजच सही करते. मर्यादेचा विषय नवं बोर्ड येईल तेव्हा.

"बोर्ड कधी येईल, सांगता येईल तुम्हाला?" ते म्हणाले.

निवडणूक कोर्टात अडकली होती.

"आणि आलं तरी काय करणार? तुम्ही त्यांच्या मीटिंगा पाहिल्यात. चहा आधी की ठराव आधी यावर अर्धा तास भांडतात. कर्जाची मर्यादा ही तांत्रिक गोष्ट आहे, मॅडम. ज्याला समजतं त्याच्याच हातात हवी. प्रशासकाला बोर्डाचे सगळे अधिकार आहेत. मी काही बेकायदेशीर करत नाहीये."

"नाही करत, सर. पण मर्यादा तुमच्यावरच आहे. ती तुम्हीच वाढवली तर मर्यादा कसली राहिली?"

ते हसले. म्हणाले, बोर्ड येऊ दे, कार्योत्तर मंजुरी घेऊ. कार्योत्तर म्हणजे काम झाल्यावर मागून घेतलेली मंजुरी. सरकारी ऑफिसांचा हा लाडका रिवाज आहे. आधी करायचं, मग विचारायचं. तुटलेली खुर्ची बदलायची असेल तर ठीक आहे. पण कर्ज एकदा काढल्यावर मागून आलेलं बोर्ड काय म्हणणार? परत करा?

मी सही केली नाही. त्या दिवशी घरी जाताना मला भीती वाटत होती, हे सांगायला हवं. माझ्या प्रमोशनचा गोपनीय अहवाल इनामदार साहेबच लिहिणार होते. नेरूळला उतरून शिरवणे गावाच्या बाजूने घरी चालत जाताना मी मनाशी दोनदा ठरवलं की उद्या सही करून टाकू. पण सकाळी ऑफिसात आले आणि तो टाईप केलेला कागद पुन्हा समोर दिसला. माझ्या नावाने माझं मत कोणीतरी लिहून ठेवलं होतं. तेव्हा ठरवलं, नाही म्हणजे नाही.

पण नुसतं अडून बसणं हे काम नव्हे. आमच्या कायद्यात एक तरतूद होती, फारशी न वापरलेली. वित्त नियंत्रकाने असहमती लिहिली तर बोर्डाने मुख्य अधिकाऱ्याकडून लेखी खुलासा मागवायचा, त्यावर समाधान झालं की नाही ते कारणांसह नोंदवायचं, आणि मगच निर्णय घ्यायचा. बोर्ड नसेल तर हे प्रशासकाने करायचं. मी असहमती लिहिली आणि खाली प्रशासकांनी मुख्य अधिकाऱ्यांना विचारावेत असे प्रश्न लिहिले. पंपहाऊस सध्याच्या मर्यादेत बसत असताना मर्यादा का वाढवावी? वाढीव कर्ज फेडताना सेस वाढेल, तो भरणाऱ्यांपैकी कोणी याला संमती दिली आहे का? आणि पुढच्या वेळी मुख्य अधिकाऱ्याला ही मर्यादाही अपुरी वाटली, तर नाही म्हणणारं कोण आहे?

फाईल आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली. प्रशासकांनी मुख्य अधिकाऱ्यांचा खुलासा मागवला होता. मोहित्यांनी जावक केली, आवक केली, शिक्का मारला आणि फाईल परत आत गेली. या वेळी मोहिते काचेतून माझ्याकडे बघत होते.

"मॅडम," ते जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, "साहेब आता स्वतःलाच मेमो देणार व्हय?"

ऑफिसभर हशा पिकला. मला मात्र हसू आलं नाही, कारण त्याच संध्याकाळी मंत्रालयातून फोन आला. एक उपसचिव, ज्यांच्या विभागातून आमच्या कर्जाला हमी मिळायची. आवाज अगदी गोड. मॅडम, फाईल का अडली? मी सांगितलं. ते म्हणाले, काळजी करू नका, शेवटी हमी आमची आहे, त्यामुळे मर्यादा आम्हीच बघत असतो.

मला जरा हायसं वाटलं. चला, वर कोणीतरी बघतंय. मी विचारलं, मग या तिपटीवर तुमचं काय मत?

"वाढवून घ्या की," ते म्हणाले. "बजेटच्या बाहेरचं आहे ना."

म्हणजे ज्यांच्याकडे राखण सोपवली ते या कर्जाकडे बघतच नव्हते, कारण ते त्यांच्या आकड्यांत येणारच नव्हतं. मी धन्यवाद म्हणून फोन ठेवला. माझा राग तेव्हा खरा चढला. केबिनमधल्या माणसाच्या हातात मर्यादा नको, म्हणून वर बघावं, तर वरच्यांना ती दिसतच नाही.

दोन-चार दिवसांत पाटील आले. या वेळी एकटे नव्हते. पावण्याचे आणखी गाळेवाले सोबत होते. पंपाची फाईल परब मॅडमनी, म्हणजे मी, अडवली, अशी बातमी पावण्यात पोचली होती. कोणी पोचवली ते मी कधी विचारलं नाही.

पाटलांनी खुर्चीत बसायचंही नाकारलं. "मॅडम, तुमी नेरूळला वरच्या माल्यावर राहता. तुमचे घरात पानी येत नाय. आमचा पंप कशाला आडवला?"

मला ते लागलं. पण त्यांचं चूक काहीच नव्हतं. फाईलमधला प्रस्ताव मी त्यांना दाखवू शकत नव्हते. मी एवढंच म्हणाले, "पंप मी अडवलेला नाही. पंपाच्या पाठीवर जे बांधलंय ते अडवलंय. ते सोडवून द्या, मी त्याच दिवशी सही करते."

"म्हंजे काय?"

"इनामदार साहेबांना विचारा. त्यांना एवढंच विचारा, पंप एकटा का येत नाही."

ते गेले. आत जाऊन विचारलं की नाही, कोण जाणे. पण माझ्यावरचा त्यांचा राग गेलेला नव्हता, तो जिना उतरताना ऐकू येत होता. पाऊस जवळ येत चालला होता. त्या आठवड्यात मी स्वतः पंपहाऊसवर जाऊन आले. भरतीची वेळ होती. ऑपरेटरने पंप सुरू केला, तो नुसता थरथरला. मागच्या नाल्यातलं काळं पाणी हळूहळू वर येत होतं आणि पाटलांच्या शटरच्या पायरीशी पोचलं होतं. मी तिथे उभी राहून स्वतःला विचारलं, आपण बरोबर असू, पण आपल्या बरोबर असण्याचं बिल या माणसाने भरायचं का? मी परत येऊन पंपहाऊसचा वेगळा प्रस्ताव स्वतः तयार केला, सध्याच्या मर्यादेत बसणारा, टेंडरच्या कागदांसकट. साहेबांनी फक्त हो म्हणायचं होतं. तो मूळ फाईलच्या वर बांधून ठेवला.

फाईल साहेबांकडे पडून होती. इनामदारांच्या टेबलावर फाईल पडून राहते ही ऑफिसात नवलाची गोष्ट होती. शेवटी त्यांनी मला बोलावलं. समोर त्यांनी लिहिलेला खुलासा होता, बऱ्याच ठिकाणी खोडलेला.

"पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं," ते म्हणाले. "तिसऱ्याचंही कसंबसं लिहिलं. दुसऱ्याचं लिहिता येईना."

दुसरा प्रश्न म्हणजे सेस भरणाऱ्यांच्या संमतीचा.

"मुख्य अधिकारी म्हणून मी लिहीन, संमती गृहीत धरली आहे. पण मग प्रशासक म्हणून खाली लिहावं लागणार, समाधान झालं. आणि माझं झालं नाहीये. दुसऱ्या कोणाला पटवता आलं असतं. स्वतःला कसं पटवू?"

त्या क्षणी मला तो माणूस फार आवडला, हे आज लिहायला हरकत नाही.

त्यांनी माझ्या पंपहाऊसच्या प्रस्तावावर मुख्य अधिकारी म्हणून शिफारस केली आणि प्रशासक म्हणून मंजुरी दिली. मर्यादेच्या फाईलवर लिहिलं, 'बोर्ड अस्तित्वात आल्यावर सादर करावे.' मग पेन खाली ठेवून म्हणाले, "तुम्ही ही इमारत पाच-सात वर्षं मागे ढकलली आहे, परब मॅडम. हे मी विसरणार नाही." विसरलेही नाहीत. गोपनीय अहवालात त्यांनी मला चांगले शेरे दिले, आणि एका रकान्यात 'हट्टी' असं लिहिलं. प्रमोशन एक वर्ष उशिरा झालं.

नवे पंप पावसाआधी बसले. उधाण आलं तेव्हा पाटलांचा फोन आला. दुसरं काही न बोलता त्यांनी फोन पंपाच्या दिशेने धरला. पंपाचा एकसुरी आवाज येत होता. मग म्हणाले, "पायरी कोरडी हाय." आमच्यातलं भांडण तिथे मिटलं.

इथे मी थांबले असते तर गोष्ट माझ्या बाजूने छान झाली असती.

पुढे इनामदार साहेबांची बदली झाली. कोर्टाचा निकाल लागला, निवडणूक झाली, बोर्ड आलं. पाटील भरघोस मतांनी निवडून आले. आणि बोर्डाच्या पहिल्याच मीटिंगला, चहाच्या आधी, न भांडता, एकमताने एक ठराव पास झाला: कर्जाची मर्यादा वाढवावी. तिप्पट नाही, चौपट.

मी माझा विरोधी अभिप्राय वाचून दाखवला. कोणी मोबाईलमधून मान वर केली नाही. पाटलांनी हात वर केला तेव्हा माझ्याकडे बघायचं टाळलं. मीटिंगनंतर मी त्यांना गाठलं आणि विचारलं, कशासाठी?

"सरकार मर्यादा देतंय, त घेऊन ठेवू," ते म्हणाले. "नाय वापरली त मार्चला जाईल ना."

आमच्याकडे निधी मार्चअखेर खर्च झाला नाही तर परत जातो. त्यामुळे वर्षानुवर्षं सगळ्यांना सवय लागलीय, वरून आकडा आला की तो संपवायचा. कर्जाची मर्यादाही त्यांना तसाच कोटा वाटला होता. ही चूक सरकारी पैशाच्या आसपास वाढलेला माणूसच करू शकतो. घरी कोणी क्रेडिट कार्डची मर्यादा मार्चला संपवून टाकत नाही.

त्या संध्याकाळी इनामदार साहेबांचा फोन आला. बातमी त्यांना कळली होतीच. "काय मॅडम," ते म्हणाले, "लोकशाहीने मला मागे टाकलं." त्यांचा हसण्याचा हक्क होता. मला स्वतःचाच भयंकर राग आला होता. एवढी फाईल अडवली, प्रमोशन लांबवून घेतलं, पावण्याच्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि कशासाठी? मर्यादा योग्य हातांत सोपवली आणि त्या हातांनी ती लगेच उधळली.

ठराव कायदेशीर होता. मी त्याप्रमाणे पुढची कामं सुरू केली. नव्या इमारतीच्या कर्जासाठी बँकेने एक अट घातली. आधी सेस वाढवा, वाढीव बिलं निघू द्या, मगच पहिला हप्ता मिळेल. बँका हुशार असतात. आम्ही बिलं पाठवली.

बिलं गेल्यानंतरच्या सोमवारी पाटील आले. या वेळी खुर्चीत बसले. मी चहा मागवला. मग कळलं ते असं. बिलं मिळाल्यावर पावण्याचे गाळेवाले मंडळाच्या ऑफिसात आले नव्हते. ते पाटलांच्या शटरसमोर जमले होते. सकाळी शटर उघडायच्या आधी, दुपारी जेवायला बसल्यावर, संध्याकाळी नाक्यावर. ज्यांच्याकडे लहानपणापासून जाणं-येणं, ज्यांच्या लग्नांत पाटील पंगतीत वाढायला उभे राहिले, तेच विचारत होते, इमारत कोनासाठी बांधताय? आपला पंप त चालतोय. एकाने तर पाटलांच्या हातात स्वतःचं बिल ठेवलं आणि म्हणाला, तू हात वर केलास, आता हाच हात खिशात घाल.

"मॅडम," पाटील म्हणाले, "ही मर्यादा खाली कशी आनतात?"

"जशी वर नेली तशी. हात वर करून."

"तुमी ठराव लिवून द्याल?"

"मी लिहून देणार नाही. तुम्ही लिहा. चुकलं तर दुरुस्त करून देईन."

त्यांनी लिहिला. शब्द वेडेवाकडे होते, पण अर्थ पक्का होता. पुढची मीटिंग मात्र जुन्या वळणाची झाली. चहावरून भांडण, बिलांवरून भांडण. इमारतीचं कंत्राट मिळेल म्हणून आशेवर बसलेले दोघं सभासद ओरडत होते. त्यांना वाटलं होतं पाटील माघार घेतील. पाटील उभे राहिले आणि म्हणाले, "मना उद्या सकाली शटर उघडायचा हाय. तुमाला नसल उघडायचा त बसा ओरडत." बोर्डावर बाकीचेही गाळेवाले, गाववाले होते. त्यांच्याही दारात माणसं येऊन गेली होती. ठराव पास झाला. मर्यादा जुन्या जागी आली, पंपांच्या देखभालीपुरती थोडी जास्त. पहिला हप्ता उचलला नव्हता, त्यामुळे फेडायचं काही नव्हतं. वाढीव बिलं रद्द झाली.

आता लोक मला ट्रेनिंगला बोलावतात. तरुण अधिकारी असतात, अभ्यासू, आणि दर वेळी कोणीतरी विचारतंच: सरकारच्या कर्जाची मर्यादा कोणाच्या हातात असावी, तज्ज्ञांच्या, मंत्रालयाच्या, की निवडून आलेल्यांच्या? माझ्याकडे मोठं उत्तर नाही. मला एवढंच माहीत आहे की इनामदार साहेब पाटलांपेक्षा हुशार होते, प्रामाणिक होते, आणि त्यांनी चूक केली असती तर ती दुरुस्त करायला कोणी त्यांच्या बंगल्यावर जाणार नव्हतं. बंगला कुठे आहे हेच पावण्यात कोणाला माहीत नव्हतं. पाटलांनी मोठी चूक केली. पण त्यांचा पत्ता सगळ्यांना ठाऊक होता.

बोर्ड अजून जुन्याच इमारतीत भरतं. पावसाळ्यात मीटिंगच्या टेबलावर बादली ठेवावी लागते. परवा मी सहज गेले होते, तेव्हा पाटील अध्यक्षांच्या खुर्चीत होते. टेबलावर त्यांच्या नावाची एकच पाटी होती, आणि पाणी तिच्यावर पडू नये म्हणून त्यांनी बादली जरा आपल्याकडे ओढून घेतली होती.